प्रस्थानाची सुपारी

मी सुपारी बोलतेय. खायची नव्हे, पूजेची. आणि आज मी गोड बोलणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

बोलतेय ती एका झाकणाच्या डब्यातून. डबा आहे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, सांतियागोच्या विमानतळावर, सामान तपासायच्या टेबलाशेजारी. नाशिकच्या भद्रकालीतली सुपारी इतक्या लांब कशी आली, असं तुम्ही विचाराल. विचाराच. वेळेवर कुणी विचारलं असतं तर मी इथं नसतेच.

माझा जन्म श्रीवर्धनकडच्या एका वाडीत झाला. उंच झाडावर वाऱ्याबरोबर डुलत होते. मग उतरवलं, उन्हात वाळवलं, सोललं, आणि माणसं निवडायला बसली. मोठ्या, गोल, भरीव त्या खायच्या. लहान, कडक, वाकड्या त्या पूजेच्या. बघा हा न्याय. जे स्वतःच्या दाताला चालत नाही ते देवाला. मी त्या दुसऱ्या ढिगातली.

भद्रकालीत मालनबाईंचं पूजेच्या सामानाचं चिंचोळं दुकान आहे. कापूर, वाती, हळदकुंकू, जानवी. तिथल्या काचेच्या बरणीत मी येऊन पडले. शेजारी पानाची टपरी, आणि तिथला अडकित्ता दिवसभर चालायचा. खट्. खट्. दर वेळी वाटायचं, गेली आपल्यातली एक. मी पूजेची, माझ्या वाट्याला अडकित्ता यायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असल्यानं भीती जाते का? तेव्हापासून कुठंही खट् वाजलं की माझ्या अंगात धस्स होतं. कुलूप असो, डब्याचं झाकण असो.

त्या दुकानात दचकणारं आणखी एक माणूस होतं. मालनबाईंची मुलगी चैताली. स्वतःचाच फोन वाजला तरी ती दचकायची. शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन निफाडजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायला लागली होती. परदेशी जाणाऱ्या पेटीत पान नको, माती नको, किडा नको. पेटीत एखादं पान दिसलं की ती पेटी बाजूला काढायची. पॅकिंगच्या बायका चिडवायच्या, “मॅडम, पानच हाय ते, नाग नाय.” ती कावरीबावरी व्हायची, पण पेटी सोडायची नाही. एरवी सगळ्या जगाला भिणारी पोरगी या एका गोष्टीत कुणाला भीत नव्हती. हे लक्षात असू द्या.

चिलीतल्या एका द्राक्ष कंपनीनं या निफाडच्या पॅकहाऊसमधून एकीला हंगामभर काम शिकायला बोलावलं. नाव निघालं चैतालीचं. शिकून आली की सगळ्या तपासणीची जबाबदारी तिच्याकडे येणार होती. तिनं दुकानात येऊन हे सांगितलं तेव्हा मालनबाई फुलपुडे बांधत होत्या. “चिली म्हणजे मिरचीच ना ग?” एवढंच म्हणाल्या, आणि मिरची झोंबल्यासारखे डोळे पुसायला लागल्या.

मग सुरू झाले कागद. बरणीतून मी सगळं ऐकत होते आणि माझा जीव नुसता जळत होता. एका माणसाला एका देशात शिरायचं तर किती पुरावे द्यायचे! तू कोण, कुठली, कशाला येतेस, कुठं राहणार, कोण पोसणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत कधी जाणार. येण्याआधीच जाण्याचं तिकीट दाखवायचं. आमच्याकडे पाहुण्याला असं विचारलं तर तो पाण्याचा पेलाही न घेता उठेल.

एक एजंट भेटला होता. त्यानं सांगितलं, अमेरिकेचा व्हिसा असला की चिलीचा वेगळा लागत नाही, तेव्हा आधी अमेरिकेचा काढू. मालनबाई म्हणाल्या, “म्हणजे शेजारणीचं आमंत्रण दाखवून हिच्या घरी जेवायला जायचं?” एजंट हसला. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख निघाली थेट पुढच्या हंगामातली. तोपर्यंत चिलीतली द्राक्षं संपून मनुके झाले असते. चैतालीच्या तोंडून त्याला एक उलट शब्द गेला नाही. “ठीक आहे सर” म्हणून बाहेर आली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडली. मला त्या एजंटाचा राग आला, पण खरं सांगू, तिच्या त्या “ठीक आहे”चा जास्त आला.

शेवटी तिनं स्वतःच चिलीच्या वकिलातीकडे अर्ज केला. ज्या दिवशी अर्ज गेला, त्या दिवशी मालनबाईंनी बरणीत हात घातला आणि मला उचललं. धुतलं, विड्याच्या पानावर बसवलं, कुंकू लावलं. झाले मी गणपती. “हिचं काम होऊ दे बाप्पा, तुला परत बरणीत टाकणार नाही.” काम झालं, व्हिसा आला. आणि माझं बरणीत परतणं संपलं. माझ्या मनात काय आहे, ते कुणी विचारलं का? देवाला विचारायची पद्धत नाही.

आता जायचं कसं? नाशिकहून चिलीला सरळ काही जात नाही, मुंबईहूनही नाही. अमेरिकेतून जावं तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो. म्हणून ठरलं, मुंबईहून दोहा, दोह्याहून ब्राझीलचं साओ पावलो, तिथून सांतियागो. ब्राझीलवरून जायचं, वेळ सांगून येत नाही, परतताना आपल्याच लोकांनी पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागितलं तर काय, अशी धास्ती चैतालीनं घेतली आणि मुंबईला जाऊन टोचून आली. ती लस दहा दिवसांनी लागू होते. त्याआधी निघता येईना, आणि तिकडे काम सुरू होत असल्यानं उशीरही चालेना. मधला जो एकच दिवस उरला तो निघाला कार्तिक अमावास्येचा.

मालनबाईंनी कॅलेंडर भिंतीवरून काढून हातात घेतलं. जवळून पाहिल्यावर तिथी बदलेल असं त्यांना वाटलं असावं.

“अमावास्येला पोरगी इतक्या लांब पाठवू?”

“आई, विमान अमावास्या पाहत नाही.”

“मी पाहते ना.”

त्यांनी तोड काढली, आपली जुनीच. प्रस्थान ठेवायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी एका फडक्यात सुपारी, हळकुंड, अक्षता आणि नाणं बांधतात आणि ते गाठोडं प्रवासाच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. खरं निघताना ते गाठोडं तिथून उचलायचं आणि पुढं न्यायचं. पण एकदा घरातून निघालेलं प्रस्थान घरी परत आणायचं नसतं. सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे.

दिशा होती पश्चिम. आणि मालनबाईंच्या पश्चिमेला एकच उंबरा, गल्लीपलीकडच्या हुस्नबानोचा. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. चैताली तिला खाला म्हणते. गणपतीला घेऊन मालनबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तिनं मशीन थांबवलं, हात धुतले आणि दोन्ही हातांनी मला घेतलं. “अमानत आहे, भाभी. जपते.” कपाटात, शालीच्या घडीवर ठेवलं मला. मशीनची सुई खटखट चालायची आणि मी आपली शहारत पडायची. पण एक कबूल करते, त्या घरात मला कुणी काही मागितलं नाही. बरे दिवस होते ते.

निघायच्या आदल्या सकाळी चैतालीला हे कळलं. ती म्हणाली, “आई, चिलीत बी, दाणा, फळ, काही नेता येत नाही. सगळं तपासतात. मी स्वतः हेच काम करते ग.”

“सुपारी म्हणजे काय आंबा आहे? तिला कोण खातंय.”

“खायचा प्रश्न नाही. ते बीच आहे. लपवून नेलं तर दंड. वर मी तिथं कशाला चाललेय, सांग बरं? हेच शिकायला. पहिल्याच दिवशी मीच सापडले तर कंपनी मला दारातूनच परत पाठवेल.”

“बरं बाई, नको तर नको,” असं मालनबाई म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुपारी त्या हुस्नबानोकडे आल्या. चैतालीचं नवं जॅकेट बाह्या आखूड करायला तिथंच पडलं होतं. दोघींचं बोलणं झालं. हुस्नबानो म्हणत होती, “पोरीनं ना म्हटलंय ना भाभी, मग जाऊ दे.” मालनबाई म्हणत होत्या, घरी परत नेता येत नाही, इथं ठेवून पोरगी निघाली तर प्रवास मोडला, आणि तिला काही झालं तर मी काय करू? शेवटी हुस्नबानोनं उसासा टाकला. हळकुंड, नाणं तिनं पुडीत बांधलं, अक्षता चिमण्यांना टाकल्या, आणि मला जॅकेटच्या खालच्या पट्टीत, कोपऱ्यात घालून वरून तुरपाई केली. हात काय तिचा, टाका दिसेल तर शपथ.

मी आतून ओरडत होते. मला तोंड नाही, पण ओरडत होते. अहो, मी विघ्नहर्ता ना? मग मलाच विघ्न करून पोरीच्या कमरेला का बांधताय? तिनं नको म्हटलं होतं. सगळ्या आयुष्यात ती कधी नको म्हणत नाही, आणि जेव्हा म्हणाली तेव्हा तुम्ही दोघींनी ते चार टाक्यांत शिवून टाकलं.

निघताना आणखी एक नाटक झालं. चैताली म्हणाली, तिकडे आता उन्हाळा आहे, जॅकेट राहू दे. मालनबाईंचा चेहरा उतरला. “विमानात गारठा असतो म्हणे. एवढं तरी ऐक माझं.” एवढं तरी! चैतालीनं ऐकलं. वडिलांनी, भारतभाऊंनी, टेम्पो बाजूला ठेवून मित्राची गाडी आणली होती. घोटीच्या नाक्यापर्यंत ते तिला पासपोर्ट दाखव, तिकीट दाखव असं करत होते. शेवटी ती म्हणाली, “बाबा, आता तुम्हीच मारा शिक्का.” ती हसली. कितीतरी दिवसांनी. मी तिच्या मांडीवरच होते आणि मला त्या हसण्याची भीती वाटत होती.

मुंबईच्या यंत्रानं मला पाहिलं आणि सोडून दिलं. बटण समजला असेल तिथला माणूस. दोह्यातही तेच. दर तपासणीला जॅकेट ट्रेमध्ये जायचं, दर वेळी माझी पूर्ण वाट लागायची आणि चैताली निवांत उभी. तिला वाटत होतं, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. प्रामाणिक माणसाला असं फसवणं हे पाप कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला माहीत नाही, पण लिहिलेलं असलं पाहिजे.

साओ पावलोला तिनं मोबाइलवर चिलीचं घोषणापत्र भरलं. वनस्पती, बिया, फळं, प्राणिजन्य पदार्थ, यांतलं काही जवळ आहे का? तिनं लिहिलं, नाही. कॉलम तिनं दोनदा वाचला. तिचा स्वभावच तो. मग नाव, सही, आणि सुटकेचा श्वास. मी तिच्या खांद्यावर होते. देवपण इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या विमानात डोंगर आले. बर्फाचे, टोकदार, खिडकीभर. विमान हलायला लागलं. पट्टे आवळा म्हणून सांगितलं आणि सगळीकडे खट् खट् खट्. मी थिजले. चैतालीही घाबरली, मांडीवरचं जॅकेट घट्ट धरलं तिनं, आणि तिची बोटं थेट माझ्यावर आली.

बोटं थांबली. पुन्हा चाचपून पाहिलं. मग तिनं ती पट्टी उजेडात धरली आणि टाके पाहिले. खालाचा टाका ती ओळखत होती. लहानपणापासूनचे सगळे फ्रॉक त्याच हाताचे.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिचे कान लाल झाले. विमान हलत होतं तरी ती दचकायची थांबली. शेजारच्या बाईनं काळजीनं पाहिलं तिच्याकडे. चैतालीला इतकं रागावलेलं मी प्रथमच पाहत होते, आणि बाई गं, मला फार बरं वाटलं.

सांतियागोला उतरल्यावर पासपोर्ट, व्हिसा, निमंत्रणपत्र झालं. शिक्का पडला, खट्. मग सामानाचा पट्टा. पुढं रांग, रांगेच्या टोकाला यंत्र, आणि रांगेतून एक कुत्रा हुंगत फिरत होता, अंगात हिरवा कोट घातलेला. यंत्राच्या आधी एक मोठा डबा होता. ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी इथंच टाकावं, पुढं नेऊ नये, असं चित्रानं दाखवलेलं.

चैताली डब्याशी थांबली. कोपरा दातानं उसवावा, मला आत सोडावं, निघून जावं. कुणाला कळलं नसतं. टाक मला, मी म्हणत होते, टाक गं, कुंकू पुसलंय केव्हाच. तिनं कोपरा तोंडापर्यंत नेला. तिथंच थांबली. मग जॅकेट खाली घेतलं, रांग सोडली, आणि सरळ टेबलामागच्या अधिकारी बाईसमोर जाऊन उभी राहिली. 

इंग्रजीत बोलली. म्हणाली, मी फॉर्मवर नाही लिहिलंय. ते चूक आहे. माझ्याकडे एक बी आहे.

बाईनं विचारलं, कुठंय? तिनं कोपरा दाखवला. बाईच्या भुवया वर गेल्या. शिवून आणलंय? तेव्हा मात्र चैतालीचा आवाज चिरकला. म्हणाली, माझ्या आईनं शिवलं. मला न सांगता. मला आत्ता विमानात कळलं.

हे खोटं वाटण्यासारखंच होतं. असं रोज किती जण सांगत असतील. बाई तिच्याकडे पाहत राहिली. मग छोटी कात्री काढून, कापड न दुखावता, एकेक टाका कापला. मी टेबलावर पडले. बाईनं मला उजेडात धरलं, वास घेतला. हे खातात का? चैताली म्हणाली, ही नाही. ही प्रवास सुरू करायला असते.

“झाला ना सुरू?” बाई म्हणाली. फॉर्म दुरुस्त करून घेतला. यंत्राआधी स्वतः सांगितलंस म्हणून दंड नाही, असं सांगितलं, आणि मला चिमटीत धरून टेबलाशेजारच्या डब्यात सोडलं. एवढंच. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. मला सन्मानानं कुणी वागवलं असेल तर त्या बाईनं. तिनं मला जी आहे ती म्हटलं. बी.

कागद होईपर्यंत चैतालीनं टेबलाशीच उभं राहून घरी फोन लावला. डब्याचं झाकण उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

“पोचलीस का?” मालनबाई.

“आई, तू मला विचारलं का नाहीस?”

तिकडे मागून हुस्नबानोचा आवाज, “बोलले होते मी भाभी, बोलले होते.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस,” मालनबाई म्हणाल्या.

“मी नाही म्हणालेच होते.” चैताली हळू बोलत होती, पण शब्द न्‌ शब्द ठोकून. “मी लोकांच्या पेटीत पान सापडलं तर पेटी परत पाठवते आई. आज ती पेटी मी झाले असते.”

 मग मालनबाईंनी विचारलं, देव कुठंय. डब्यात, चैताली म्हणाली. त्यावर रडू येईल, नाहीतर चुकलं माझं तरी येईल, म्हणून मी कान टवकारले. आलं ते असं:

“काही खाल्लंस का?”

असा संताप आला मला! आणि लगेच कळलं, यापेक्षा मोठी माफी त्या बाईला येत नाही. चैतालीलाही ते कळलं असावं. “खाते,” म्हणाली. “आणि आई, परत असं नाही.” उत्तराची वाट न पाहता तिनं फोन ठेवला. ठीक आहे म्हणाली नाही.

डब्यात मी एकटी नाही. अर्धं सफरचंद आहे, कसल्याशा वाळल्या पाल्याची पुडी आहे, आणि रुमालात बांधलेले मूठभर दाणे. रुमालाची गाठ इतकी घट्ट की अधिकारी बाईला ती सोडवावीशीही वाटली नाही. कुठल्या देशाची आहे माहीत नाही, पण कुणी मारली ते कळतं. हा सगळा डबाच आयांचा आहे.

दिवस संपला की हे सगळं जाळतात म्हणे. होमात शेवटी सुपारी पडते, तिला तुम्ही पूर्णाहुती म्हणता. माझ्या बाबतीत तो शब्द वापरलात तर याद राखा. मी जळणार आहे ती कुणी विचारलं नाही म्हणून.

प्रस्थान खुशाल ठेवा. भीती वाटते, मला समजतं, मी स्वतः खट् वाजलं की दचकणारी. पण जिचा प्रवास आहे तिच्या हातात ठेवा, तिच्या देखत. नको म्हणाली तर नको. रस्ता तिचा आहे, तुम्ही तिच्या पदराला काय बांधता हे तिला ठाऊक असू द्या.

चैताली आता बाहेर पडतेय. काचेचं दार आपोआप उघडलं, डिसेंबरातलं कडक ऊन आत आलं. जॅकेट तिच्या हातावर आहे आणि त्याचा कोपरा उसवलेला लोंबतोय. पोरी, हंगाम संपवून तू नाशिकला परतशील, तेव्हा खाला म्हणेल, आण इकडे, दोन टाके घालून देते. देऊ दे तिला. पण चैताली, आधी तिला विचार, आत काय घालणार आहेस.